बोर्डेबाईंनी घर विकायला काढलं

बोर्डेबाई गेल्याचं मला त्यांच्या नणंदेनं खुलताबादहून फोन करून कळवलं, आणि कळवतानाही ती भांडतच होती. "मला न विचारता गेली बघा," म्हणाली. "दुपारी भाजी खारट झाली म्हणून बोलले मी तिला. संध्याकाळी म्हणलं चहा टाक, तर उत्तरच नाय. आयुष्यात पयल्यांदा गप बसली." मी गारखेड्यातल्या माझ्या दुकानात होतो, समोर एक जोडपं दोन खोल्यांचा फ्लॅट विचारायला आलं होतं, त्यांना मी उद्या या म्हणालो.

दुकान म्हणजे घरं-जागांच्या खरेदी-विक्रीचं. पाटीवर 'इस्टेट एजंट', लोकांच्या तोंडी 'दलाल', आणि आमच्या घरी 'दिलीपचं काय ते'. मागे दोन गल्ल्या सोडून बोर्डेबाईंचं बैठं घर. बाई प्राथमिक शाळेत होत्या, निवृत्त झाल्या, त्यांचे मिस्टर पाटबंधारे खात्यात कारकून होते, ते वारले. मूलबाळ नाही. एवढं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि यापलीकडे कुणी चौकशी केलेली नव्हती. मीही नाही.

एके दिवशी बाई दुकानात आल्या. ओळख ना पाळख, एकदम म्हणाल्या, "त्या कोपऱ्यावरच्या घराला गिऱ्हाईक लागत नाय ना?"

"नाही."

"लागायचंही नाय. हॉलच्या खिडकीत बारा महिने कूलर. भर दुपारी आत गेलं तर लाईट लावावी लागते. पाहुण्याच्या डोळ्यावर हात ठेवून तुम्ही त्याला घर दाखवता, तो काय बघंल?"

मला राग आला. धंदा माझा आणि शिकवणार ही. पण संध्याकाळी मालकाला सांगून कूलर काढला. खिडकीखाली गंजाचे ओघळ निघाले. बाईंनी ते लिंबू-मीठ लावून घासले, तेवढ्या पट्ट्यावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवला, आणि हॉल चक्क मोठा झाला. घर महिन्याभरात गेलं. त्यानंतर बाई माझ्या धंद्यात शिरल्या त्या शिरल्याच. मी काही देऊ केलं की म्हणायच्या, "पेन्शन येते मला. कामाचं बोला."

बुटक्या, चष्मा दोरीत अडकवलेला, चालणं असं की मागून कुणी घंटा वाजवतंय. हातात कापडी पिशवी. तिच्यात फडकं, खोबरेल तेलाची बाटली, पेचकस, नळाचे वायसर, पुट्टीचा पुडा आणि एक पांढरा बल्ब. विकायच्या घरात पाऊल टाकायच्या आधी त्या उंबऱ्यात उभ्या राहायच्या आणि आम्हालाही उभं करायच्या. "गिऱ्हाईक उंबऱ्यातच घर घेतं," त्या म्हणत. "बाकीचं घर ते नुसतं फिरून बघतं." म्हणून सगळं घर रंगवायला त्यांचा सक्त विरोध. दारातून समोर दिसते तेवढी एक भिंत रंगवायची. करकरणाऱ्या बिजागरीला तेल. गळक्या नळाला वायसर. भिंतीतले खिळे उपटायचे आणि भोकं बुजवायची. आपल्याकडे प्रत्येक घरात तीन तरी कॅलेंडरं असतात, एक चालू सालचं आणि दोन देवाचं चित्र चांगलं आहे म्हणून ठेवलेली. ती कॅलेंडरं बाई उतरवायला लावायच्या. माळ्यावरचं सामान भंगारवाल्याला. पडदे नवे आणायचे नाहीत, घरातल्याच जुन्या सुती साड्यांचे शिवायचे. "नवं काही आणू नका, जुनं बाहेर काढा," हा त्यांचा मंत्र. घरची मालकीण हसून हो म्हणायची आणि बोर्डेबाई वळल्या की फुटका मिक्सर परत माळ्यावर जायचा. बोर्डेबाईंना ते कळायचंच. शिक्षिकेला पाठीमागेही डोळे असतात.

देवघराला मात्र त्या हात लावायच्या नाहीत. "ते तुमचं तुम्ही हलवा, तुमच्या सवडीनं," असं सांगून अंगणात जाऊन बसायच्या. "येणाऱ्याला आपला देव मांडायला रिकामी जागा दिसली पाहिजे. पण उठवायचं त्याला घरच्यांनी."

एक नियम त्यांनी कधी मोडला नाही, निदान दुसऱ्यांच्या घरात. रोशन गेटकडच्या खानसाहेबांचं घर होतं. मागच्या खोलीत ओल उतरली होती आणि खानसाहेबांनी तिच्यापुढे कपाट सरकवलं होतं. बाईंनी कपाटाला खांदा लावला. खानसाहेब धावत आले.

"खानसाब," बाई म्हणाल्या, "दीवार रोरी है. उसका मुँह कायकू ढाँकते?"

"बाई, गिऱ्हाईक पळून जाईल ना!"

"जाऊ द्या. डाग झाकला तरी वास सांगतो. घर धुवायचं, पुसायचं, नटवायचंसुद्धा. पण घराला खोटं बोलायला लावायचं नाय."

खानसाहेबांच्या बेगम स्वयंपाकघरातून बाहेरच येत नव्हत्या, त्यांना घर सोडायचं नव्हतं. बाई आत जाऊन बसल्या. दोघींनी मिळून मसाल्याच्या बरण्या धुतल्या. आत काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, पण बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल होते आणि स्वयंपाकघर लख्ख होतं. घेणाऱ्यानं ओल पाहिली, विचारलं, त्याला खरं सांगितलं, आणि त्यानं घर घेतलं. खानसाहेब मला नंतर भेटले की बाईंची तब्येत आधी विचारायचे, माझी मागाहून.

बाईंच्या एकटेपणाची मला कल्पना आली ती एका फ्लॅटमुळे. शेंद्र्याच्या एका कंपनीतल्या इंजिनिअरची बदली झाली, तो कुलूप लावून निघून गेला. बंद घराला वास येतो. बाई म्हणाल्या, "तो फिनाइलनं जात नाय, माणसाच्या वावरानं जातो. चावी द्या, मी बसत जाईन." त्या रोज दुपारी तिथं जाऊन बसू लागल्या. सोबत मेथीची जुडी न्यायच्या, निवडायच्या, आल्याचा चहा करायच्या. एकदा मी न सांगता गेलो तर आतून बोलण्याचा आवाज. मला वाटलं, कुणीतरी आलंय. दार ढकललं तर बाई भिंतीला टेकून एकट्याच मोठ्यानं पेपर वाचत होत्या. मला पाहून ओशाळल्या नाहीत. "आवाज मुरला पाहिजे भिंतीत," एवढंच म्हणाल्या आणि पुढची बातमी वाचायला लागल्या.

फ्लॅट विकला गेला. व्यवहार झाला तरी चावी बाईंकडेच. दोनदा आठवण केली, दोनदा विसरल्या. तिसऱ्यांदा मी घ्यायलाच गेलो तर त्या त्याच फ्लॅटमध्ये होत्या, तांदूळ निवडत. नवीन मालक दोन दिवसांत येणार होता.

"बाई, आता कशाला? घर तर गेलं."

तांदळातून हात न काढता त्या म्हणाल्या, "माझ्या घरी मला सगळं ठाऊक हाय हो. कुठली खुर्ची रिकामी हाय, कुठली खुंटी रिकामी हाय. इथलं रिकामं माझं नाय. बरं वाटतं."

मला त्या वेळी फार वाईट वाटलं. मी खाली बसून थोडे तांदूळ निवडले. बाईंनी ते परत निवडले.

पुढच्या उन्हाळ्याआधी बाई दुकानात आल्या आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. एरवी त्या कधी बसत नसत. "माझं घर काढा विकायला," म्हणाल्या.

मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"खुलताबादला नणंदेकडं. तिचेबी मालक गेले. दोन खोल्या हायेत तिच्या."

या नणंदेशी बाईंचं लग्नापासून हाडवैर. तिनं केलेला प्रत्येक अपमान बाईंना वारासकट पाठ होता. मी म्हणालो, "बाई, तुमचं एक दिवस पटायचं नाही."

"पटायला कोण चाललंय? भांडायला चालले. माझं घर खायला उठतं, दिलीपराव. सकाळी मी जिथं कप ठेवते तिथंच तो रात्री असतो. कुणी हलवत नाय. एकटीनं गप बसण्यापेक्षा दोघींनी कडाकडा भांडलेलं काय वाईट?"

भाड्यानं द्या म्हणालो, कुलूप लावून जा म्हणालो. भाडेकरू त्यांना नको होते आणि कुलूप तर मुळीच नको होतं. "कुलपातलं घर मला तिथं झोपू द्यायचं नाय. माणसं राहायला येत असतील तर द्यायचं, आणि दिल्याबिगर मी हलायची नाय." त्यामुळे गुंतवणूक म्हणून घेणारे दोघंतिघं आले, त्यांना बाईंनी चहासुद्धा विचारला नाही.

घर छोटंसं, पण छान. बाईंनी ते असं तयार केलं की मलाच घ्यावंसं वाटलं. तरी ते जाईना. घर पाहायला माणसं यायची, खूश व्हायची, आणि मग कुणीतरी विचारायचं, "घरात कोण कोण असतं?"

"मी."

"मुलं?"

"नाहीत."

मग नवरा-बायको एकमेकांकडे पाहायचे. कळवतो म्हणायचे. एकदा एक बाई गेटमध्येच, आत ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला म्हणाली, "वास्तू लाभलेली दिसत नाही हो यांना." बोर्डेबाई दारातच उभ्या होत्या. आत जाऊन त्यांनी स्वच्छ असलेला विजेचा बोर्ड परत पुसायला घेतला. मी थोडा वेळ थांबलो आणि निघालो. खुलताबादहून नणंदेचे फोन येत होते, येतेस का नाय, का उगाच आशा लावतेस. बाई म्हणायच्या, येते, येते.

आणि मग बाईंनी ते केलं. शेंद्र्याचं जाधव कुटुंब घर पाहायला येणार होतं. मुलगा तिथल्याच कारखान्यात, सून, दोन नातवंडं आणि मुलाची आई. मी अकराच्या सुमारास पोचलो तर बाईंच्या दाराशी चपला-बुटांची ही रास! पुरुषाचे काळे बूट, बायकांच्या दोन जोड्या, लहान मुलीच्या गुलाबी चपला. आत खुंटीला दप्तर. मागच्या दोरीवर एक मोठा शर्ट आणि शाळेचा गणवेश वाळतोय. क्षणभर मला वाटलं, मी चुकीच्या घरात आलो.

"बाई, पाहुणे आलेत?"

"शेजारून आणलंय सगळं," बाई कुजबुजल्या. चेहरा उतरलेला, पण हट्टी. "तुम्हीबी आपले बूट तिथंच काढा, जरा अजून दिसतील. आज 'कुणी नाय' असं म्हणायचं नाय मला."

जाधवांना घर बघताक्षणी आवडलं. सुनेनं स्वयंपाकघरात उभी राहून ओट्याची उंची पाहिली, पोरं अंगणात पळाली. मुलानं विचारलं, घरात कोण कोण असतं, आणि बाई दुसरीकडे पाहत म्हणाल्या, "सगळे हायेत. बाहेर गेलेत." आता बोलणी सुरू होणार, इतक्यात जाधवांच्या आई पाटावर मांडी घालून बसल्या. नऊवारी नेसलेल्या, शांत बाई.

"येऊ द्या की सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "आमच्यात रीत हाय. घर घ्यायचं तर घरातल्या हरेक माणसाच्या तोंडून हो ऐकायचं. लेकराच्यासुद्धा. एखाद्याचं मन नसलं आन् आपून घर घेतलं, तर त्याचा तळतळाट लागतो. आम्हाला काय घाई नाय. बसतो आम्ही."

आणि ते बसले.

बाईंनी चहा केला. मग पोहे केले. मग पोरांना शेंगदाण्याचे लाडू दिले. "येतीलच," मधूनच म्हणायच्या. दार वाजलं की जाधवांची आई पदर सावरून बसायची, आणि कधी दूधवाला निघायचा, कधी भाजीवाली. मी घड्याळाकडे बघत नव्हतो आणि बाईंकडेही बघत नव्हतो. सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं, पण बाईंच्या घरात बाईंच्या तोंडचं मी कसं काढून घेणार?

दुपार कलली तेव्हा गेट वाजलं. शेजारचे सोनवणे अनवाणी दारात उभे. "बाई, बूट न्यायचे होते," ते अवघडून म्हणाले. "सेकंड शिफ्ट हाय ना माझी. चपलेवर आत घेत नायत." त्यांनी काळे बूट उचलले आणि गेले. थोड्या वेळानं पलीकडच्या सलमाभाभी आल्या, मुलीला शिकवणीला जायचं होतं, गुलाबी चपला आणि दप्तर घेऊन गेल्या. जाताना सवयीनं बाईंची स्वतःची जोडी नीट सरळ करून ठेवली. मग समोरची वहिनी दोरीवरचा शर्ट घ्यायला आली आणि आतली माणसं पाहून दारातच जीभ चावून उभी राहिली.

"ने," बाई म्हणाल्या. "ने बाई, तुझाच आहे."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. जाधवांचा मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याच्या आईनं बाईंना हाक मारली, "इकडं या. बसा. कुणी यायचं नाय ना?"

"नाय."

"मग असं काहून केलं?"

बाई बसल्या नाहीत. शाळेत उभ्या राहत असतील तशा ताठ उभ्या राहिल्या. "मी एकटीच असते हो. मालक गेले. लेकरं झाली नाहीत. हे सांगितलं की लोक घराला नावं ठेवतात. मला ठेवली तर ठेवा, मला सवय हाय. या घरानं काय वाईट केलं? भिंतीला एक तडा नाय याच्या. दुसऱ्यांच्या घराला मी कधी खोटं बोलू दिलं नाय, माझ्या घराला आज बोलायला लावलं." एवढं बोलून त्यांना रडू फुटलं. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

जाधवांच्या आईनं त्यांना रडू दिलं. मग विचारलं, "म्हंजी तुमच्या एकटीचं हो म्हणणं पुरे हाय?"

"पुरे हाय."

"मनापासून देता?"

बाईंनी डोळे पुसले. या वेळी त्या खरं बोलल्या. "मनापासून नाय देत. पण द्यायचं हाय मला. इथं राहिले तर मी भिंतीशी बोलून बोलून खुळी होईन."

म्हातारी उठली. "खोटं बोललात, ते लई वाईट केलं," ती म्हणाली आणि सगळ्यांना घेऊन निघून गेली. मला वाटलं, संपलं. बाईंनी कपबशा विसळल्या. त्या दिवसानंतर आठवडाभर त्या दुकानात फिरकल्या नाहीत. मग जाधवांच्या मुलाचा फोन आला. आई म्हणत होती, घर घ्यायचं. त्याच म्हातारीनं सांगितलं होतं म्हणे, की ज्या बाईला घराला नावं ठेवलेली सोसत नायत, तिचा तळतळाट कसा लागंल?

वास्तुशांतीला बाईंना मानानं बोलावणं होतं. मी गेलो तेव्हा घर माणसांनी फुललेलं. अंगणात मांडव, स्वयंपाकघरात सात-आठ बायका, पोरांचा कालवा. बाई इरकल नेसून एका कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. ज्या घरात त्यांना प्रत्येक खुंटी ठाऊक होती, तिथं पाणी कुठं मिळेल हे त्यांना एक मुलगी समजावून सांगत होती. जाधवांची आई होमाजवळ अडकली होती. पंगतीत वाढणारी कुणी नातेवाईक तरुणी बाईंच्या पानापाशी थांबली. "मावशी, तुम्ही कुणाकडच्या?"

"मी? मी घराकडची," बाई म्हणाल्या.

तिला काही कळलं नाही. तिनं हसून एक जिलेबी जास्त वाढली आणि पुढं गेली.

दोन दिवसांनी मी त्यांना खुलताबादच्या गाडीत बसवून दिलं. सामान आधीच गेलं होतं, हातात एक बॅग फक्त. मी खाली उभा होतो, त्या खिडकीशी बसल्या. मी म्हटलं, बाई, येईन एकदा. त्या म्हणाल्या, येताना फोन करा, नणंद घरात नसली तर भांडण ऐकायला मिळायचं नाय. पुढं आमचं फोनवर बोलणं होत राहिलं आणि मागून नणंदेचा आवाजही येत राहिला, पण प्रत्यक्ष पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं.

गाडी भरत आली. बाईंनी बॅग शेजारच्या सीटवर ठेवलेली होती, कुणासाठी तरी जागा धरावी तशी. एक बाई कडेवर लेकरू घेऊन गर्दीतून आत आली, सीटपाशी थांबली आणि म्हणाली, "मावशी, कुणी यायचंय का इथं?"

बोर्डेबाईंनी सीटकडे पाहिलं. मग बॅग उचलून मांडीवर घेतली.

"नाय," त्या म्हणाल्या. "कुणी यायचं नाय. बस."